ड्राफ्टमधील कॅटजुळणी: एका प्रश्नाचा आढावा

पत्त्यांच्या बहुतेक परिचित खेळांत कॅट आधीच ठरलेला असतो, तो पिसून वाटला जातो आणि खेळाडूच्या कौशल्याला हातात पत्ते आल्यानंतर वाव मिळतो. विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत उदयाला आलेल्या संग्राह्य पत्त्यांच्या खेळांनी, म्हणजे ज्यांत प्रत्येक खेळाडू हजारो उपलब्ध पत्त्यांतून आपला कॅट स्वतः बांधतो अशा खेळांनी, हा क्रम बदलला. त्यांतील ‘ड्राफ्ट’ या पद्धतीत आठ खेळाडू सीलबंद पाकिटे फोडतात, एकेक पत्ता उचलून उरलेले शेजाऱ्याकडे सरकवतात आणि अशा रीतीने जमलेल्या पत्त्यांतून तिथल्या तिथे कॅट जुळवून एकमेकांशी खेळतात. उचललेल्या पत्त्यांतून चांगला कॅट कोणत्या तत्त्वावर जुळवावा, यावर गेली सुमारे तीस वर्षे खेळाडू, खेळाचे रचनाकार आणि अलीकडे संगणकशास्त्रज्ञही वाद घालत आले आहेत. त्या वादाची पूर्वपीठिका, त्यातील मुख्य मते आणि अद्याप न सुटलेल्या बाजू येथे क्रमाने मांडल्या आहेत. वाद अनेक असले तरी त्यांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे, तो असा की पत्त्याची किंमत त्या पत्त्यात असते की त्याच्या सोबत असलेल्या इतर पत्त्यांत.

पूर्वपीठिका: वाटलेला हात आणि जुळवलेला हात

हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही, केवळ त्याचे रूप नवे आहे. सावंतवाडीत आजही रंगवल्या जाणाऱ्या दशावतारी गंजिफांत १२० गोल पत्ते असतात. विष्णूच्या १० अवतारांचे १० रंग आणि प्रत्येक रंगात राजा, प्रधान व १ ते १० असे १२ पत्ते. भारतात गंजिफांचा सर्वांत जुना निश्चित उल्लेख बाबराच्या आत्मचरित्रात १५२७ च्या नोंदींत आढळतो, आणि ‘ऐन-इ-अकबरी’त अबुल फजलने १२ रंगांच्या जुन्या कॅटाचे तसेच अकबराने केलेल्या बदलांचे वर्णन दिले आहे. सावंतवाडीची परंपरा विसाव्या शतकाच्या मध्यास जवळजवळ संपत आली असता तेथील राजे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी १९७० च्या दशकात तिचे पुनरुज्जीवन केले. गंजिफांच्या नियमांतील एक गोष्ट प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. निम्म्या रंगांत दश्शी ही अंकांतील सर्वांत वरची व एक्का सर्वांत खालचा असतो, तर उरलेल्या निम्म्या रंगांत हा क्रम नेमका उलटा होतो. शिवाय दिवसा रामाचा राजा ज्याच्याकडे असेल त्याची उतारी आणि रात्री कृष्णाचा राजा ज्याच्याकडे असेल त्याची, असा संकेत आहे. म्हणजे तीच संख्या एका रंगात बलवान आणि दुसऱ्यात दुबळी ठरते, आणि एकाच पत्त्याचे महत्त्व सूर्यास्तानंतर बदलते. पत्त्याचे मूल्य संदर्भावर अवलंबून असते ही जाणीव या खेळाच्या रचनेतच आहे. मात्र कॅट ठरलेला आहे, आणि तिघांत वाटल्यावर हाती येणारे ४० पत्ते कोणते असावेत यात खेळाडूला काहीही निवडता येत नाही.

वऱ्हाडात आणि एकूण महाराष्ट्रात घरोघरी खेळल्या जाणाऱ्या मेंढीकोटाचीही तीच स्थिती आहे. चौघांना १३-१३ पत्ते मिळतात, समोरासमोर बसलेले भिडू एका बाजूचे असतात, आणि दश्श्या पकडण्यासाठी हुकूम व उतारी यांचा जो विचार करायचा तो आलेल्या पत्त्यांवरच करावा लागतो. रमी मात्र वेगळी आहे. तिच्यातही १३ पत्ते वाटले जातात, परंतु प्रत्येक पाळीला गड्डीतील बंद पत्ता घ्यावा की समोरच्याने टाकलेला उघडा पत्ता उचलावा, आणि त्या बदल्यात हातातील कोणता सोडावा, हे ठरवत ठरवत खेळाडू हात घडवत जातो. इस्पिकची सत्ती एकटी असताना ओझे असते, पण छक्की आणि अठ्ठी सोबत आल्या की तीच सिक्वेन्स पुरी करते. ड्राफ्टच्या सर्वांत जवळचा परिचित खेळ शोधायचा तर तो रमीच आहे, कारण दोन्हींत खेळाडू काय उचलतो हे इतरांना काही अंशी दिसते किंवा कळते, आणि इतरांनी काय सोडले यावरून त्यालाही त्यांच्या हाताचा अंदाज बांधता येतो.

खेळाच्या जुगारी अंगाने पाहता या पूर्वपीठिकेत विदर्भातील रिद्धपूरचे स्थान थोडे निराळे आहे. म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या अखेरीस याच गावी सिद्ध केलेल्या ‘लीळाचरित्रा’त, महानुभाव पंथाचे संस्थापक श्रीचक्रधर यांच्या पूर्वायुष्याच्या कथनात, भडोचच्या हरिपाळाच्या, म्हणजे पुढे चक्रधर झालेल्या तरुणाच्या, जुगाराची हकीकत येते. हरल्यानंतर त्याने पत्नी कमळाइसेकडे दागिने मागितले, तिने ते नाकारले, आणि त्यातून आलेल्या विरक्तीने तो रामटेकच्या यात्रेस निघाला असता रिद्धपुरात त्याला पुढे गुरू झालेल्या गोविंदप्रभूंची भेट घडली, अशी ती परंपरा आहे. त्या जुगारात पत्ते नव्हते, पण मराठी गद्याच्या आरंभीच्या ग्रंथात जुगार हा घर आणि मन यांची परीक्षा घेणारा प्रसंग म्हणून नोंदला गेला आहे. खेळात माणूस काही करतो की त्याच्या बाबतीत केवळ काही घडते, हा प्रश्न तेव्हापासून आपल्या समाजात विचारला गेला आहे, आणि ड्राफ्टविषयीच्या वादाच्या शेवटच्या टप्प्यात तो पुन्हा उभा राहतो.

ड्राफ्टची घडण

‘मॅजिक: द गॅदरिंग’ हा खेळ रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञाने रचला आणि विझर्ड्स ऑफ द कोस्ट या अमेरिकी कंपनीने १९९३ साली बाजारात आणला. त्यात पांढरा, निळा, काळा, लाल आणि हिरवा असे पाच रंग आहेत. प्रत्येक रंगाच्या ‘लँड’ पत्त्यांतून माना नावाची ऊर्जा मिळते, आणि ती खर्चून क्रीचर म्हणजे लढणारे जीव किंवा इतर मंत्रपत्ते पटावर आणता येतात. प्रत्येक पाळीला एकच लँड मांडता येत असल्याने महागडे पत्ते डावाच्या उत्तरार्धातच उपयोगी पडतात.

ड्राफ्टच्या रूढ पद्धतीत आठ खेळाडू गोलाकार बसतात आणि प्रत्येकाकडे तीन पॅक असतात. दीर्घकाळ पॅकमध्ये १५ पत्ते असत. २०२४ पासून ते १४ झाले. पहिला पॅक फोडून एक पत्ता घ्यायचा आणि उरलेले डावीकडे द्यायचे. दुसऱ्या पॅकला दिशा उजवी, तिसऱ्याला पुन्हा डावी. जुन्या हिशेबाने प्रत्येकाकडे ४५ पत्ते जमतात, त्यांतील २२-२३ निवडून त्यात हवे तितके साधे लँड घालून किमान ४० पत्त्यांचा कॅट तयार होतो. म्हणजे उचललेल्या पत्त्यांपैकी जवळजवळ निम्मे वापरलेच जात नाहीत, आणि ही शिलकीची सोय पुढील सर्व वादांत महत्त्वाची ठरते.

या मुख्य पद्धतीच्या कडेने इतर पद्धतीही रूढ झाल्या. ‘रॉचेस्टर’ पद्धतीत पॅकमधील सर्व पत्ते उघडे मांडून सर्वांसमक्ष उचलले जातात. ‘क्यूब’ पद्धतीत पॅक विकत न घेता एखादा गट स्वतः निवडलेल्या, बहुधा ३६० किंवा अधिक पत्त्यांचा कायमचा संग्रह करतो आणि तोच पुन्हा पुन्हा वापरतो. आठ माणसे जमणे अवघड असेल तेथे दोघांसाठी गारफिल्ड यानेच सुचवलेली ‘विन्स्टन’ पद्धत आहे, जिच्यात पालथ्या पत्त्यांच्या तीन लहान ढिगांपैकी एक उचलावा की वाढू द्यावा हे ठरवायचे असते. पुढे ‘सेव्हन वंडर्स’ (२०१०) सारख्या पटखेळांनी पत्ते उचलून पुढे सरकवण्याची युक्ती संग्राह्य पत्त्यांच्या बाहेर नेली. जेथे लहान गावांतील पाच-सहा जणांच्या गटाला खेळायचे आहे तेथे क्यूब आणि विन्स्टन यांचे महत्त्व मुख्य पद्धतीहून अधिक आहे, आणि लिखित चर्चेत त्यांना मिळालेली जागा त्या मानाने फारच थोडी आहे.

पहिला वाद: ताकद की मेळ

सर्वांत जुने मत असे की प्रत्येक पॅकमधून सर्वांत बलवान पत्ता उचलावा. या मताचा पुरस्कार करणाऱ्यांनी प्राधान्यांचा एक क्रम प्रचारात आणला. एकटाच डाव जिंकून देणारे पत्ते प्रथम, प्रतिपक्षाचे क्रीचर पटावरून काढून टाकणारे दुसरे, सहजासहजी न अडवता येणारे क्रीचर तिसरे, आणि मग बाकीचे. नवख्याला तो पाच मिनिटांत शिकवता येतो आणि तो क्वचितच पूर्णतः फसतो, हे या क्रमाचे बळ आहे. याच्यामागे एक ठोस तर्क आहे. पहिल्या चार-पाच निवडींच्या वेळी पुढे काय येणार याची माहिती नसते, आणि माहितीच्या अभावी जो पत्ता एकट्याने उपयोगी पडतो त्यावर विसंबणे सुरक्षित असते.

दुसरे मत असे की कॅट हा पत्त्यांची बेरीज नसून त्यांचा मेळ आहे. १९९६ साली पॉल स्लाय या खेळाडूने वापरलेल्या आणि त्याच्याच नावाने ओळखल्या गेलेल्या लाल कॅटाने हा विचार रुजवला. त्या कॅटातील बरेच पत्ते सुटे पाहता सामान्य होते, परंतु एक, दोन, तीन माना खर्चाच्या पत्त्यांचे प्रमाण असे राखलेले होते की प्रत्येक पाळीला उपलब्ध माना पूर्ण वापरली जाई. खर्चाच्या या चढत्या-उतरत्या वाटणीला पुढे ‘माना कर्व्ह’ हे नाव पडले. स्लायचा कॅट ड्राफ्टचा नव्हता, तरी ड्राफ्ट खेळणाऱ्यांनी त्याचा धडा उचलला, आणि पाच माना खर्चाचे सात उत्तम पत्ते असलेल्या कॅटापेक्षा दोन माना खर्चाचे सात मध्यम पत्ते असलेला कॅट अनेकदा बरा, हे मत त्यातून रूढ झाले. १९९९ मध्ये माइक फ्लोरेस यांनी मांडलेला विचारही याच दिशेचा होता. एखाद्या सामन्यात आपला कॅट आक्रमकाच्या भूमिकेत आहे की बचावाच्या, हे न ओळखणारा खेळाडू बलवान पत्ते हातात असूनही हरतो.

अलीकडच्या पत्तेसंचांत या मताला रचनाकारांनीच बळ दिले आहे. पाच रंगांच्या दहा जोड्या होतात, आणि अनेक नव्या संचांत प्रत्येक जोडीला एक ठरावीक धोरण नेमून दिलेले असते, ज्याची खूण म्हणून त्या जोडीचा दुरंगी पत्ता मुद्दाम छापला जातो. त्यामुळे मेळ साधणे सोपे झाले, पण एक नवा आक्षेप पुढे आला. दहा वाटा आधीच आखून दिलेल्या असतील तर खेळाडू कॅट रचतो की रचनाकाराने लपवलेला कॅट फक्त शोधून काढतो, असा तो आक्षेप आहे. रचनाकारांच्या बाजूने दिले जाणारे उत्तर असे की वाटा नसतील तर नवखा खेळाडू ४५ असंबद्ध पत्ते घेऊन बसेल, आणि मुरलेल्याला आखलेल्या वाटांच्या मधली जागा नेहमीच सापडते. दोन्ही बाजूंचे म्हणणे निरनिराळ्या संचांच्या बाबतीत खरे ठरलेले आहे.

दुसरा वाद: रंग केव्हा ठरवावा

बहुतेक कॅट दोन रंगांचे असतात. ते दोन रंग केव्हा पक्के करावेत याविषयी टोकाची दोन मते आहेत. एका मतानुसार खेळाडूने आधीच ठरवलेल्या रंगाला शेवटपर्यंत चिकटावे, कारण त्यामुळे त्याला त्या रंगाच्या पत्त्यांचा सखोल अभ्यास असतो आणि एकही निवड वाया जात नाही. दुसऱ्या मतानुसार त्याने पहिल्या पॅकच्या मध्यापर्यंत तरी मोकळे राहावे आणि उजव्या शेजाऱ्याकडून कोणत्या रंगाचे चांगले पत्ते उशिरा येत आहेत हे पाहावे, कारण उशिरा आलेला चांगला पत्ता सांगतो की वरच्या अंगाचे खेळाडू तो रंग घेत नाहीत.

या दुसऱ्या मताची खरी खोली ड्राफ्टच्या फिरत्या दिशेत आहे. पहिल्या आणि तिसऱ्या पॅकला उजवा शेजारी देतो, दुसऱ्याला डावा. म्हणून खेळाडू पहिल्या पॅकमध्ये जे पुढे सरकवतो त्यावरून त्याच्या डावीकडच्या खेळाडूचे रंग ठरतात, आणि दुसऱ्या पॅकमध्ये तोच खेळाडू त्याच्याकडे पत्ते पाठवतो. लाल रंगाचे चांगले पत्ते डावीकडे सोडणाऱ्याला दुसऱ्या पॅकमध्ये लाल रंगाचा दुष्काळ सोसावा लागतो. १५ पत्त्यांच्या पॅकमधून आठ निवडी झाल्यावर तोच पॅक सात पत्ते घेऊन पहिल्या माणसाकडे परत येतो, तेव्हा काय गेले आणि काय उरले यावरून सगळ्या टेबलाचा अंदाज बांधता येतो. अशा रीतीने शब्दही न उच्चारता शेजाऱ्यांत एक प्रकारची वाटणी होते, जिच्यात दोघांनाही आपापल्या रंगात राहणे फायद्याचे असते. स्पर्धेत बसलेली माणसे एकमेकांना न बोलता सवलत देतात, हा ड्राफ्टचा सर्वांत सुंदर गुण मानावा लागेल.

मोकळेपणाच्या बाजूने शिलकीचा युक्तिवाद दिला जातो. ४५ पैकी २२-२३ च लागतात, तेव्हा सुरुवातीच्या पाच-सहा निवडी वाया गेल्या तरी कॅट पुरा होतो. विरुद्ध बाजू म्हणते की पत्ते पुरे होणे आणि चांगले पत्ते पुरे होणे यांत अंतर आहे, कारण प्रत्येक पॅकमधील उत्तम पत्ते पहिल्या काही निवडींतच संपतात. शेजाऱ्याला मिळू नये म्हणून नको असलेला बलवान पत्ता उचलण्याविषयी मात्र बऱ्यापैकी एकमत झालेले दिसते. आठ जणांच्या टेबलावर तीन फेऱ्या खेळल्या तर सातांपैकी तिघांशीच गाठ पडते, म्हणून अडवणुकीसाठी स्वतःच्या उपयोगाचा पत्ता सोडणे बहुधा तोट्याचे ठरते.

तिसरा वाद: चाळीस पत्त्यांचे गणित

लँड १७ असावेत की १६, हा वाद वरवर किरकोळ वाटतो, परंतु कॅटजुळणीच्या चर्चेत नेमके उत्तर देता येईल असा प्रदेश येथेच आहे. ४० पत्त्यांत १७ लँड असताना सुरुवातीच्या सात पत्त्यांत दोन ते चार लँड येण्याची शक्यता सुमारे ७९.५ टक्के असते. एक किंवा शून्य लँड येण्याची १०.५ टक्के आणि पाच किंवा अधिक येण्याची १० टक्के. १६ लँड ठेवले तर चांगल्या हाताची शक्यता ७९ टक्क्यांवर, म्हणजे जवळजवळ तिथेच राहते, परंतु वाईट हातांची वाटणी बदलते. लँडची टंचाई १३.४ टक्क्यांवर जाते आणि त्यांचा अतिरेक ७.६ टक्क्यांवर येतो. म्हणजे वादाचा विषय चांगल्या हातांची संख्या हा नाहीच. कोणत्या प्रकारचे अपयश हा कॅट सोसू शकतो, हा आहे. स्वस्त पत्त्यांच्या कॅटाला टंचाई सोसवते, महागड्या पत्त्यांच्या कॅटाला अतिरेक सोसवतो. फ्रँक कार्स्टन या डच खेळाडू-गणितज्ञाने लँडची संख्या, रंगांचे स्रोत (म्हणजे त्या-त्या रंगाची माना देणारे पत्ते) आणि पत्त्यांचा खर्च यांची सांगड घालणारी सविस्तर गणिते मांडून हा भाग बराच स्थिर केला आहे.

तिसरा रंग थोडासा मिसळावा का, या प्रश्नालाही हेच गणित लागू पडते. एखाद्या बलवान पत्त्यासाठी तिसऱ्या रंगाचे तीन स्रोत घातले आणि खेळाडूची पाळी पहिली असेल, तर चौथ्या पाळीपर्यंत त्याने १० पत्ते पाहिलेले असतात, आणि त्यांत त्या तिनांपैकी किमान एक असण्याची शक्यता जवळजवळ ५९ टक्के असते. दहांपैकी चार डावांत तो बलवान पत्ता तोपर्यंत हातात निरुपयोगी पडून राहतो. शिवाय त्या तीन स्रोतांमुळे मुख्य दोन रंगही किंचित कमजोर होतात. गणित येथपर्यंत पोचते. तो पत्ता सातव्या-आठव्या पाळीला आला तरी डाव फिरवू शकतो का, हे मात्र त्या संचातील डाव किती लांबतात यावर अवलंबून आहे, आणि तेथे पुन्हा अनुभवाचा आधार घ्यावा लागतो.

चौथा वाद: आकडेवारीचा प्रवेश

२०२० पर्यंत ड्राफ्टचे ज्ञान मुख्यतः नामांकित खेळाडूंच्या मतांवर उभे होते. मॅजिकच्या ‘अरीना’ या संगणकीय रूपात त्या वर्षाच्या एप्रिलमध्ये यंत्राऐवजी खऱ्या माणसांसोबत ड्राफ्ट करण्याची सोय झाली, आणि ‘सेव्हंटीन लँड्स’सारख्या साधनांनी स्वेच्छेने माहिती देणाऱ्या खेळाडूंचे असंख्य डाव एकत्र करून प्रत्येक पत्त्याचा हिशेब मांडला. तो पत्ता हातात आलेल्या डावांपैकी किती जिंकले गेले, आणि तो सरासरी कितव्या निवडीला उचलला जातो, हे दोन आकडे शेजारी ठेवले की लोक कोणत्या पत्त्याला कमी लेखतात हे दिसू लागते.

आकडेवारीच्या समर्थकांचे म्हणणे असे की जुन्या मतांतील बरीचशी सवयीने टिकून होती. स्वस्त, साध्या पत्त्यांचे यशाचे प्रमाण दिसायला भव्य पण महागड्या पत्त्यांहून वारंवार अधिक आढळले, आणि मेळाच्या बाजूने दिलेले जुने युक्तिवाद प्रथमच मोजून दाखवता आले. विरोधकांचे आक्षेप मुख्यतः तीन आहेत. माहिती देणारे खेळाडू सरासरीपेक्षा निपुण असतात, तेव्हा त्यांचे यश सर्वांना लागू पडेलच असे नाही. दुसरे असे की काही पत्ते जात्याच चांगल्या कॅटांतच जातात, म्हणून त्यांचे यश कॅटाचे की पत्त्याचे हे वेगळे काढता येत नाही. त्याचप्रमाणे लांबलेल्या डावांत अधिक पत्ते हाती येतात, त्यामुळे डावाची लांबीही आकड्यांत मिसळते. तिसरा आक्षेप सर्वांत खोल आहे. सरासरी ही सर्व कॅटांची असते आणि खेळाडू मात्र एका विशिष्ट कॅटासाठी निवड करत असतो. दहा कॅटांत निरुपयोगी आणि अकराव्यात अमूल्य असलेला पत्ता सरासरीत मध्यम दिसतो, आणि अकरावा कॅट बांधत असलेल्या माणसाला ती सरासरी चुकीच्या वाटेने नेते.

यात आणखी एक गुंतागुंत आहे. एखादा पत्ता कमी लेखला जातो असे आकड्यांनी जाहीर केले की सर्वजण तो लवकर उचलू लागतात, त्याचा रंग गर्दीचा होतो आणि त्या रंगाचे एकूण यश घसरते. ज्ञान पसरल्यामुळेच ते जुने होते. त्यात दरवर्षी अनेक नवे पत्तेसंच येत असल्याने काही महिन्यांत चर्चेचा विषयच बदलतो. २०१८ च्या सुमारास जाणवणारी स्थिरता आता या क्षेत्रात राहिलेली नाही, आणि ती परत येईल असे मानण्यास आधारही दिसत नाही.

संगणकशास्त्रज्ञांनी याच काळात यंत्राला ड्राफ्ट शिकवण्याचे प्रयत्न केले. माणसांच्या निवडींवरून शिकलेली न्यूरल जाळी माणूस कोणता पत्ता उचलेल याचा अंदाज सुमारे निम्म्या वेळा अचूक करू शकली, जे साध्या क्रमवारीपेक्षा चांगले होते. तथापि माणसासारखी निवड करणे आणि उत्तम निवड करणे या भिन्न गोष्टी आहेत, आणि त्या प्रयोगांतून प्रामुख्याने पहिलीच साधली गेली. मॅजिकच्या नियमांत कोणतेही संगणन रचता येते, हे २०१९ मध्ये एका शोधनिबंधात दाखवण्यात आले. त्यामुळे खेळाचे संपूर्ण उत्तर काढण्याची आशा तत्त्वतःही मर्यादित आहे.

पाचवा वाद: नशीब, कौशल्य आणि कायदा

ड्राफ्टमध्ये दैव दोनदा शिरते, पॅक फोडताना आणि कॅट पिसताना. आणि खेळाडूचा विचार तीनदा, उचलताना, जुळवताना आणि खेळताना. या पाचांची वाटणी कशी करावी याबद्दल मतभेद आहेत. काई बुडे या जर्मन खेळाडूने व्यावसायिक प्रो टूरच्या सात स्पर्धा जिंकल्या, हे कौशल्याच्या बाजूने नेहमी दिले जाणारे उदाहरण आहे. गारफिल्ड यांनी स्वतः सहलेखकांसह २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या खेळांच्या स्वरूपावरील ग्रंथात वेगळी मांडणी केली. दैव आणि कौशल्य ही एकाच तराजूची दोन पारडी नसून दोन्ही एकाच खेळात भरपूर असू शकतात, असे त्यांचे प्रतिपादन आहे. नवखा अधूनमधून जिंकतो म्हणून तो खेळत राहतो, आणि निपुण खेळाडू दीर्घकाळात पुढे राहतो. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

भारतीय कायद्याने हाच प्रश्न रमीच्या निमित्ताने हाताळला आहे. १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्याने, जो आज महाराष्ट्राचा कायदा म्हणून ओळखला जातो, निव्वळ कौशल्याच्या खेळांना वगळले होते. पुढे आंध्र प्रदेश राज्य विरुद्ध के. सत्यनारायण या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने रमी ही प्रामुख्याने कौशल्याचा खेळ ठरवली, आणि त्यासाठी दिलेले कारण येथे विशेष लक्षणीय आहे. कोणते पत्ते पडले हे लक्षात ठेवणे, आणि पत्ते धरून ठेवत व सोडत हात उभा करणे, यांत कौशल्य आहे असे न्यायालयाने मानले. हात वाटला जाण्यातील दैवापेक्षा तो घडवण्यातील निवडीला न्यायालयाने अधिक वजन दिले. १९९६ च्या के. आर. लक्ष्मणन प्रकरणात हीच कसोटी घोड्यांच्या शर्यतींना लावली गेली. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंगविषयक केंद्रीय कायद्याने मात्र पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांपुरता हा भेदच बाजूला सारला, आणि खेळ कौशल्याचा असो वा दैवाचा, त्यावर बंदी घातली. टेबलावर बसून, पैसे न लावता केलेल्या ड्राफ्टला हा कायदा लागू होत नाही. पण पॅकमध्ये कोणता दुर्मीळ, बाजारात महाग विकला जाणारा पत्ता निघेल या उत्सुकतेपोटी पॅक फोडत राहणे जुगाराच्या किती जवळ जाते, हा स्वतंत्र प्रश्न जगभर विचारला जात आहे. बेल्जियमच्या जुगार आयोगाने २०१८ मध्ये संगणकीय खेळांतील अशा बंद पेट्यांविरुद्ध भूमिका घेतली. क्यूब पद्धतीत हा प्रश्न उद्भवतच नाही, कारण तेथे पॅक विकत घेण्याची गरज नसते आणि खेळ संपल्यावर सर्व पत्ते संग्रहात परत जातात.

अनिर्णित बाजू

सर्वांत मोठा अनिर्णित प्रश्न मूल्यमापनाचा आहे. एखादा पत्ता एका विशिष्ट अर्धवट कॅटात किती भर घालतो, हे मोजण्याचे साधन अद्याप कोणाकडे नाही. सरासरी आहेत, मुरलेल्यांचा अंदाज आहे, आणि दोहोंच्या मधली जागा रिकामी आहे. सात इतर खेळाडू काय करत आहेत हे अंशतःच माहीत असताना समतोलाची निवड कोणती, हा खेळसिद्धांताचा प्रश्नही मोकळाच आहे, कारण त्या सातांपैकी प्रत्येकजण याच प्रश्नाचे उत्तर शोधत असतो.

दुसरी बाजू लहान गटांची आहे. आठ माणसे, तीन-तीन पॅक आणि दरवर्षी नवे संच, या गृहीतकांवर उभे राहिलेले बहुतेक सिद्धांत चौघांच्या किंवा दोघांच्या टेबलावर कितपत टिकतात हे पद्धतशीरपणे तपासलेले नाही. चौघांत १५ पत्त्यांचा पॅक प्रत्येकाकडे किमान तीनदा येतो, त्यामुळे आलेल्या पत्त्यांवरून शेजाऱ्यांचे रंग ओळखण्याचे सगळे गणित बदलते, आणि अडवणुकीची निवडही अचानक फायद्याची होऊ शकते, कारण तिन्ही प्रतिस्पर्ध्यांशी गाठ पडणारच असते. क्यूबमध्ये तर संग्रह करणाराच रंगांचा समतोल, स्वस्त-महाग पत्त्यांचे प्रमाण आणि मेळाच्या वाटा ठरवतो, म्हणून तेथे कॅटजुळणीचे तत्त्व शोधण्याआधी संग्रहजुळणीचे तत्त्व शोधावे लागते. मेंढीकोटाच्या भिडूपणात आणि रमीच्या उचलटाकीत मुरलेल्या खेळाडूंनी असा संग्रह बांधला तर त्यात कोणत्या प्रकारचे पत्ते जास्त असतील, आणि भिडूंच्या दोन जोड्यांसाठी ड्राफ्टचे नियम कसे बदलावे लागतील, हा महाराष्ट्रातील खेळाडूंनी स्वतःच्या टेबलावर हाती घ्यावा असा विषय आहे, आणि त्यासाठी ३६० पत्त्यांचा एकच संग्रह वर्षानुवर्षे पुरतो.